भिंतीवरचं बदक

मुलांनो, दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी वर्गाच्या मधल्या सुट्टीत मोठ्या गटात चांगलंच भांडण जुंपलं होतं. एक मुलगा म्हणत होता, 'स्टार ट्रेकच्या यानात एक भलंमोठं बदक आहे.' बाकीचे म्हणत होते, 'थापा मारू नकोस!' मी चिवड्याच्या डब्याजवळ उभा होतो. सगळे माझ्याकडे धावत आले. 'काका, तुम्ही सांगा.' मी म्हटलं, 'बदक आहे. उंदीरसुद्धा आहे.' झालं! आपल्या संपादक ताईंनी हे ऐकलं आणि 'मग अंकासाठी लिहूनच द्या' असं फर्मान काढलं. तेव्हा हा लेख.

ज्या आजी-आजोबांना आणि छोट्या गटाला ही मालिका ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका प्रथम १९६६ ते १९६९ या काळात झाली. तिचा पुढचा अवतार 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' १९८७ मध्ये सुरू झाला आणि १९९४ पर्यंत सात वर्षं चालला. चोविसाव्या शतकात 'एंटरप्राइज' नावाचं प्रचंड यान ताऱ्यांमधून फिरतं आणि दर आठवड्याला नव्या संकटात सापडतं. मी १९८८ साली शिकायला इथे आलो, तेव्हा आम्ही चार भारतीय विद्यार्थी एका जुन्या टीव्हीसमोर जमिनीवर बसून ती बघायचो. मालिका गंभीर होती. न्याय, युद्ध, माणूस म्हणजे काय, असले विषय. विनोदी म्हणून ती कोणी बघत नसे.

आता बदकाकडे येऊ. यानाच्या इंजिन-कक्षात भिंतीवर यानाचा उभा छेद दाखवणारी मोठी आकृती आहे. विज्ञानाच्या पुस्तकात फुलाचा उभा छेद असतो ना, तसा. शेकडो खोल्या, जिने, नळ्या, टाक्या, सगळं बारीक रेघांनी काढलेलं. पात्रं तिच्यासमोर उभी राहून चिंताग्रस्त चेहऱ्यांनी बोलतात. आणि त्या रेघांच्या जाळ्यात, खोल्यांच्या मधोमध, एक बदक आहे. न्हाणीघरात बाळं खेळतात तसलं, पण यानाच्या मापाने बघितलं तर भलंमोठं. शिवाय एक उंदीर, एक मोटरगाडी आणि एक जुनं पंख्याचं विमानही आहे.

हे कुणी केलं? मालिकेच्या कलाविभागाने. या पडद्यांचा आणि आकृत्यांचा प्रमुख होता हवाईचा मायकेल ओकुडा. त्याच्यापुढची अडचण समजून घ्या. भविष्यातलं यान म्हणजे जिकडेतिकडे चकाकणाऱ्या पाट्या हव्यात, पण १९८७ साली प्रत्येक भिंतीत खराखुरा संगणकाचा पडदा बसवायचा तर दिवाळं निघालं असतं. म्हणून त्याने सोपी युक्ती केली. काळ्या फिल्मवर पारदर्शक अक्षरं आणि चौकटी छापायच्या, मागे रंगीत जिलेटिन लावायचं आणि त्याच्या मागे दिवा. म्हणजे आपला आकाशकंदीलच की! तुम्ही वर्गात काठ्या आणि रंगीत कागद घेऊन जे केलंत, त्याच तत्त्वावर एंटरप्राइजचा सगळा कारभार चालत होता.

पण चौकटी रिकाम्या ठेवून चालत नाही. रिकामी पाटी लगेच खोटी दिसते. तिथे काहीतरी लिहिलेलं हवं, भरपूर आणि बारीक. आठवड्याला एक भाग उरकायचा, रात्री जागून पाट्या करायच्या आणि त्या कुणीही वाचणार नाही हे पक्कं ठाऊक. अशा वेळी माणूस काय लिहील? तुम्ही वहीच्या शेवटच्या पानावर काय लिहिता ते आठवा.

ही खोड ओकुडाच्याही आधीची आहे. १९६० च्या दशकातल्या पहिल्या मालिकेत यानाच्या भिंतींवर नळ जोडलेले होते आणि त्यांवर मोठ्या रुबाबात 'जीएनडीएन' अशी अक्षरं होती. प्रेक्षकांना वाटे, केवढं गूढ यंत्र! त्या अक्षरांचा पूर्ण अर्थ होता 'गोज नोव्हेअर, डज नथिंग'. म्हणजे हा नळ कुठे जात नाही आणि काही करत नाही. मला हा विनोद सगळ्यात आवडतो, कारण तो शंभर टक्के खरा आहे. नळ खरोखरच कुठे जात नव्हता!

पालकांसाठी खास एक. यानाच्या दवाखान्यात रोग्याच्या पलंगाच्या वरती नाडी वगैरे दाखवणारा फलक असतो. त्यावरच्या बारीक अक्षरांत एका मोजपट्टीचं नाव आहे, 'वैद्यकीय विमा शिल्लक'. या मालिकेतल्या भविष्यात माणसं पैसा वापरतच नाहीत, तरी विमा काही सुटलेला नाही. या देशात एकदा तरी हॉस्पिटलचं बिल हातात घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' ही मालिका आली. तिच्यात अंतराळस्थानकाच्या बाजारपेठेत दुकानांची यादी लावलेली होती. त्यात 'स्पेसलीज स्प्रॉकेट्स' हे नाव आहे. जुनं 'जेटसन्स' कार्टून बघितलेल्यांना हा साहेब नक्की आठवेल.

आता मोठ्या गटाचा प्रश्न. हे सगळं तेव्हा कुणाला दिसलं कसं नाही? इथे थोडं गणित करू. तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीचं चित्र ५२५ आडव्या रेघांचं बनलेलं असे. (भारतात ६२५ रेघांची पद्धत होती. इथे रेकॉर्ड केलेली कॅसेट हौसेने पुण्याला नेली आणि आजीच्या व्हीसीआरवर नुसतीच खरखर दिसली, हा अनुभव पालकांपैकी कितीतरी जणांनी घेतला असेल.) ५२५ पैकी प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला ४८० च्या आसपास रेघा येत. समजा, भिंतीवरचा तक्ता पडद्याच्या उंचीच्या एक तृतीयांश भागात आहे. म्हणजे त्याच्या वाट्याला १६० रेघा. तक्त्यावर मजकुराच्या ४० ओळी असल्या, तर प्रत्येक ओळीला फक्त ४ रेघा मिळाल्या. चार रेघांत इंग्रजी 'ई' सुद्धा नीट काढता येत नाही. मग आपल्या 'र्की'चं काय झालं असतं? रफारालाच दोन रेघा गेल्या असत्या! म्हणजे प्रेक्षकाला काय दिसे, तर 'तिथे काहीतरी लिहिलंय'. तेवढंच दाखवायचं होतं.

पण काही वेळा कॅमेरा तक्त्याच्या फार जवळ गेला. त्यातला एक प्रसंग मला गेली अनेक वर्षं सतावतो आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

मे १९८८ मध्ये पहिल्या वर्षाचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्याचं नाव 'द न्यूट्रल झोन'. त्यात विसाव्या शतकात मरण पावलेली आणि गोठवून ठेवलेली तीन माणसं यानाला सापडतात. यानाची डॉक्टर त्यांना बरं करते. त्यांतली एक क्लेअर रेमंड, साधी गृहिणी. डोळे उघडते तर साल २३६४. नवरा नाही, दोन्ही मुलगे नाहीत, ओळखीचं काहीच नाही. बाकीच्या दोघांना आपापल्या पैशाची आणि मौजमजेची काळजी. तिला फक्त मुलांची आठवण येते. मग यानावरची समुपदेशक तिच्यासाठी संगणकात तिची वंशावळ शोधून काढते. मुलगे, नातवंडं, पणतवंडं, खाली खाली उतरत गेलेली नावं. आणि शेवटी आज हयात असलेला एक वंशज.

मी तो भाग पाहिला तेव्हा इथे येऊन मला चारच महिने झाले होते. फोन महाग होता, पत्राला दोन आठवडे लागत. ती बाई पडद्यावरच्या नावांकडे बघत होती आणि मला आमच्या घरातली, काकांनी हाताने लिहिलेली वंशावळ आठवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

आणि त्या वंशावळीत कोणाची नावं होती? विल्यम हार्टनेल, पॅट्रिक ट्राउटन, जॉन पर्टवी, टॉम बेकर, पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेत डॉक्टरचं काम करणारे पहिले सहा नट! हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आधी खूप हसलो. मग वाईट वाटलं. माझ्याकडून कुणी काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं.

याच्यावरून आमच्या घरी अजून एकमत नाही. माझी मुलगी म्हणते, 'बाबा, तुम्ही रडलात तेव्हा तुम्हाला ती नावं दिसलीच नव्हती. मग बिघडलं काय?' मुद्दा बिनतोड आहे. पण मला वाटतं, बदक आणि वंशावळ यांत फरक आहे. नळावर काय लिहिलंय याच्याशी गोष्टीला काही देणंघेणं नाही. विम्याची पट्टी कुणी वाचली तरी रोगी बरा व्हायचा तो होतोच. वंशावळीच्या प्रसंगात मात्र ती बाई नेमकी तीच नावं वाचते आहे. तिच्यासाठी त्या क्षणी जगात दुसरं काही नाही. तिथे थट्टा केली की ती थट्टा तिच्या तोंडावर होते. पाट्या करणाऱ्यांच्या मनात तसं नव्हतं हे उघड आहे. ते रेघांच्या भरवशावर होते.

आणि त्या रेघांनीच पुढे दगा दिला. झालं असं, की ही मालिका चित्रित झाली होती ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, सिनेमासारखी. फिल्मवर सगळं स्वच्छ उमटलेलं होतं. पण तिची जोडणी मात्र व्हिडिओ टेपवर केली, आणि टेपवर ४८० रेघांच्या पलीकडचं सगळं पुसलं गेलं. म्हणजे कपाटातल्या डब्यांत सगळे विनोद जसेच्या तसे झोपून होते. २०१२ ते २०१४ या काळात मूळ फिल्म बाहेर काढून, नव्याने जोडून सगळी मालिका १०८० रेघांत आणली गेली. आपलं मघाचं गणित पुन्हा करा. एक तृतीयांश म्हणजे ३६० रेघा, ओळीला ९. आता अक्षर वाचता येतं! शिवाय आजचा टीव्ही भिंतीएवढा, आणि तुमच्या हातात चित्र थांबवायचं बटण.

या कामात सल्लागार म्हणून खुद्द ओकुडा आणि त्याची पत्नी डेनिस होती. पंचवीस वर्षांपूर्वी काळोखात ठेवलेल्या आपल्याच खोड्या उजेडात आलेल्या बघताना त्याला काय वाटलं असेल, असं माझ्या मनात येतं. क्लेअर रेमंडची वंशावळ नव्या प्रतीत बदलली. डॉक्टर मंडळी तिथून गेली. मला ते बरोबर वाटतं. मुलीला वाटत नाही. ती म्हणते, इतिहास पुसला. पुढच्या पालकसभेत कुणाला या विषयावर बोलायचं असेल तर ती तयार आहे, मीही आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर ही मंडळी नुसती टवाळखोर होती असा तुमचा समज होईल. १९८९ च्या एका भागात एंटरप्राइजचं एक छोटं यान दिसतं. त्याच्या अंगावर नाव लिहिलंय 'ओनिझुका'. एलिसन ओनिझुका हा हवाईचा अंतराळवीर. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर'च्या अपघातात जे सात जण गेले, त्यांतला एक. 'डीप स्पेस नाइन'मधल्या छोट्या यानांना पृथ्वीवरच्या नद्यांची नावं होती, आणि त्यांत एक 'गँजेस' होतं, म्हणजे आपली गंगा. तीच पाटी, तसाच रंग. विनोदाला जेवढी जागा, तेवढीच आठवणीला.

आपल्याकडे गावातल्या दुकानाच्या पाटीवर खाली कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत असायचं. मोठी अक्षरं मालकाची, कोपरा त्याचा. पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा जुनी रंगवलेली पाटी दिसली तर कोपरा जरूर बघा. आता त्या फार उरलेल्या नाहीत.

जाता जाता, सुट्टीसाठी एक काम. या मालिकांमध्ये ४७ हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. कधी संवादात, कधी पडद्यावर. याचं मूळ कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात आहे. तिथे १९६४ साली एका प्राध्यापकाने गमतीने 'सगळ्या संख्या ४७ एवढ्याच असतात' असं सिद्ध करून दाखवलं, आणि तेव्हापासून तिथले विद्यार्थी जिथे तिथे ४७ शोधत असतात. जो मेनोस्की हा तिथलाच विद्यार्थी पुढे या मालिकेचा लेखक झाला आणि त्याने तो आकडा बरोबर आणला. कोणताही एक भाग बघा, ४७ कुठे कुठे सापडले ते मराठी अंकांत लिहून आणा. आणि हो, बदकही शोधा. कुठे आहे ते मी सांगितलं आहे. यानाच्या कुठल्या बाजूला, ते सांगणार नाही.