विहिरीवरचं इंजिन आणि देशाचं तेल

आजचा विषय तेलाचा आहे. पण सुरुवात आपण आखातातून नको, वाशिम जिल्ह्यातल्या एका विहिरीपासून करू.

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचे भाव जवळपास चौपट झाले होते. म्हणजे युद्ध तिकडे आणि झळ इकडे, रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्यालाही.

आता हिशेब बघा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. विहिरीवरचं छोटं इंजिन त्यातली अडीच-तीन युनिटच कामी लावतं. बाकीची उष्णता आणि धूर होऊन जाते. पाच अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भारावर चाललं, तर तासाला साधारण लिटरभर डिझेल खातं. हरभऱ्याला आणि गव्हाला मिळून १०० तास पाणी दिलं, तर १०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले, तर ९,००० रुपये धुराड्यावाटे गेले!

मग सौरपंप लावला की झालं? थांबा. आधी गरज कमी करायची, मग इंधन बदलायचं. हा क्रम महत्त्वाचा.

पाटानं पाणी सोडलं की बरंचसं वाटेतच मुरतं. तेच पाणी तुषार संचानं दिलं, तर कमी पाण्यात हरभरा भिजतो. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलं, तर पावसाचा ओलावा रानात टिकतो आणि जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. ट्रॅक्टरचंही तसंच. एअर फिल्टर साफ ठेवा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, गरज नसलेली एखादी पाळी टाळा. यातून वाचलेलं डिझेल विकत घ्यावंच लागत नाही.

यानंतर सौरपंप. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के भरायचे असतात. पाणी दिवसा मिळतं. रात्रीच्या लाईटसाठी साप-विंचवाच्या भीतीत बांधावर जागायला नको. मात्र तुषार संच चालवायचा असेल, तर तेवढा दाब देणारा पंप निवडा. पंप आणि संच जुळले नाहीत, तर तुषार फिरणारच नाहीत.

आणि एक धोका सांगतो. डिझेल महाग असतं म्हणून आपण इंजिन वेळेवर बंद करतो. ऊन फुकट. मग पंप कोण बंद करणार? आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात. ते थोडंच असतं. तेल वाचवलं आणि विहीर आटवली, तर काय कमावलं?

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा: पाणी मोजून द्या, अवजार नीट ठेवा, आणि मग सूर्याकडे वळा. देशाची तेलाची आयात एका विहिरीनं कमी होणार नाही, हे खरं. पण ती वाढली आहे ती अशाच लाखो इंजिनांनी, लाखो टाक्यांनी. कमीही तशीच होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.