देवाची जमीन, माणसांचे हक्क

सातबारा उताऱ्यावर जमीनधारक म्हणून माणसाचे नाव असते, ही सर्वसाधारण समजूत. परंतु महाराष्ट्रातील अनेक गावांत काही उताऱ्यांवर चक्क देवाचे नाव आढळते आणि सोबत ‘वहिवाटदार’ म्हणून एखाद्या पुजाऱ्याचे किंवा गुरवाचे. ही जमीन नेमकी कोणाची, हा वाद मग पिढ्यान् पिढ्या चालतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी देवस्थान इनामाची घडण समजून घ्यावी लागते.

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा खोऱ्यातील गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि या पट्ट्यातील जिरायत शिवाराचे रूप पालटले. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून कधीकाळी जेमतेम नैवेद्य आणि नंदादीप चालावा, तशा जमिनीला ऊस पट्ट्यात मोठे मोल आले. साहजिकच तिच्यावरील हक्काचा प्रश्नही तितकाच धारदार झाला.

इनाम म्हणजे राज्यसत्तेने सोडून दिलेला हक्क. मात्र तो दोन प्रकारचा असे. काही सनदांनी प्रत्यक्ष जमीनच देवाला दिली. काहींनी केवळ त्या जमिनीवरचा सरकारी सारा दिला. दुसऱ्या प्रकारात कसणारा शेतकरी आपल्या जागी कायम राही, फक्त सारा सरकारऐवजी देवस्थानाकडे भरी. काही इनामांवर सरकार ‘जुडी’ नावाची अल्प रक्कम घेई. पूजेचा मान आणि तिच्या मोबदल्यातील उत्पन्न वंशपरंपरेने चाले. भाऊबंदांत पूजेच्या पाळ्याही वाटल्या जात.

या व्यवस्थेचे मोठे उदाहरण याच तालुक्यातील मोरगावशी निगडित आहे. मोरया गोसावींच्या वंशातील देव घराण्याकडे चिंचवड संस्थानाची इनामे होती. मोरगाव, थेऊर व सिद्धटेक येथील गणेशस्थानांची व्यवस्था आजही चिंचवड देवस्थान ट्रस्टकडे आहे. दैवत, व्यवस्थापक घराणे आणि साऱ्यातून येणारे उत्पन्न या तिन्ही गोष्टी येथे एकत्र गुंफलेल्या दिसतात.

हा पेच केवळ आपल्याकडचा नव्हे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावच्या चर्चचा निर्वाह शेतमालाच्या दहाव्या हिश्शावर आणि चर्चच्या स्वतःच्या जमिनीवर होई. ज्या जमीनदाराने चर्च बांधले, त्याच्या वंशजांना तेथील धर्मगुरूचे नाव सुचविण्याचा अधिकार असे. हा अधिकार मालमत्ताच मानला जाई. तो वारशाने जाई, दान देता येई, विकताही येई. त्यावरचे तंटे राजाच्या न्यायालयात चालत. पुष्कळ चर्च मठांच्या ताब्यात गेली, तेव्हा धान्याचा मोठा हिस्सा मठाने घ्यावा आणि प्रत्यक्ष उपासना चालविणाऱ्याने उरल्यासुरल्यावर भागवावे, असेही घडले. पुढे १२९१ मध्ये पोप चौथा निकोलस याच्या आज्ञेवरून चर्चच्या उत्पन्नाची मोजदाद झाली. तिच्या आधारे बसणारा कर राजाच्या तिजोरीतही जाऊ लागला. आठव्या हेन्रीने १५३५ मध्ये नवी मोजदाद करविली, तोवर जुनेच आकडे प्रमाण मानले जात होते. तेथे सत्तेने धर्मस्थळाच्या उत्पन्नातून वाटा घेतला. आपल्याकडे सत्तेने आपला वाटा धर्मस्थळाला सोडला. उपासनेसाठी दिलेले उत्पन्न मधल्या माणसांच्या हाती अडकण्याचा धोका मात्र दोन्हीकडे सारखाच.

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यानंतर इंग्रजांनी इनामांची छाननी केली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. व्यक्तिगत इनामांची कसून तपासणी झाली. मात्र ज्यांच्या कायमपणाविषयी शंका नव्हती, अशा मंदिर-मशिदींच्या जमिनी पुढे चालू ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. महसुली वर्गवारीत ही इनामे ‘वर्ग ३’ ठरली. स्वातंत्र्यानंतर जात इनामे रद्द झाली, तरी देवस्थान इनामे टिकली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळांना मालकी मिळवून दिली. परंतु नोंदणीकृत आणि सारे उत्पन्न धर्मकार्यालाच लावणाऱ्या न्यासांच्या जमिनींना कलम ८८-ब खाली सूट मिळू शकते. त्यामुळे अशा जमिनीवरचे कूळ वर्षानुवर्षे कसत राहिले, तरी त्याला खरेदीचा हक्क मिळत नाही. कुळाची तक्रार येथेच जन्म घेते.

पुजाऱ्याचे काय? मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की, देवस्थानाच्या जमिनीची मालक देवताच असून पुजारी हा केवळ व्यवस्थापक आहे. महाराष्ट्रातही १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही किंवा शेतजमीन १० वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देता येत नाही.

म्हणून अशा जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी केवळ सातबारा पाहून भागत नाही. दुमाला जमिनींची नोंद ठेवणारा गाव नमुना ३, मूळ सनद, जुने फेरफार आणि न्यासाची नोंदणी ही कागदपत्रे एकत्र वाचावी लागतात. देणगी जमिनीची होती की साऱ्याची, हे त्यातूनच उलगडते. देव स्वतः चावडीवर येऊन हरकत घेत नाही. त्याच्या वतीने कागदच बोलतात, आणि ते वाचण्याची जबाबदारी गावाची असते.