‘राइझ’ला दुसरा शब्द शोधताय? आधी हे तीन प्रश्न विचारा

ज्यांना प्रवासात ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप.

आज एकच इंग्रजी क्रियापद घेऊ: राइझ. वर जाणं, वाढणं, उगवणं, उठणं, सगळं त्यात येतं. पण तोच शब्द चार वेळा लिहिला की आपल्यालाच कसंतरी वाटतं. मग फोनवर समानार्थी शब्द शोधायचे, दहा-बारा शब्दांची यादी येते, आणि त्यातला जो भारी वाटेल तो उचलायचा. मीही हेच करायचो.

पहिल्या नोकरीत ग्राहकांच्या तक्रारींचा मासिक रिपोर्ट माझ्याकडे होता. आदल्या महिन्यात ४८ तक्रारी होत्या, त्या महिन्यात ५१. ‘रोझ’ आधीच दोनदा वापरून झालं होतं, म्हणून पहिल्याच ओळीत मी ‘स्कायरॉकेटेड’ ठोकून दिलं. साहेबांनी खालचा तक्ता बघितलाच नाही. ती ओळ वाचली आणि सपोर्ट टीममधल्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. अर्धा तास ती दोघं खुलासा देत बसली, फक्त तीन तक्रारींचा. बाहेर आल्यावर त्यांच्यातली ताई मला एवढंच म्हणाली, “अरे, आकडा बरोबर लिहिलास, मग शब्द का खोटा लिहिलास?”

तेव्हापासून दुसरा शब्द वापरण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: वर काय जातंय?

हे मराठीत आपल्याला न शिकवता येतं. सूर्य उगवतो, ताप चढतो, दूध उतू जातं, पीठ फुगतं, भाव भडकतात. ‘सूर्य भडकला’ किंवा ‘पीठ उगवलं’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच आहे. फरक एवढाच की तिथे ‘राइझ’ हा शब्द यातल्या बऱ्याच ठिकाणी चालतो: सूर्यालाही, पावाच्या पिठालाही, भावालाही. पण त्याच्या जागी येणारे शब्द सगळीकडे चालत नाहीत.

‘असेंड’ भारदस्त आहे. राजा सिंहासनावर चढतो तिथे तो शोभतो, कांद्याच्या भावाला नाही. ‘माउंट’ दडपण, कर्ज, तणाव अशा साचत जाणाऱ्या गोष्टींना लागतो. ‘अराइझ’मध्ये उंची नसतेच, प्रश्न किंवा अडचण उद्भवते, तिथे तो वापरायचा. ‘एस्केलेट’ बहुतेक वेळा नको असलेल्या वाढीसाठी येतो: भांडण, हिंसा, खर्च. गंमत म्हणजे हा शब्द ‘एस्केलेटर’वरून मागाहून तयार झालाय. आधी सरकता जिना आला, मग त्याचं क्रियापद!

दुसरा प्रश्न: किती आणि कसं?

मी इथेच आपटलो होतो. एक जिना डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खाली ‘एज अप’, म्हणजे किंचित सरकणं. माझ्या ४८ वरून ५१ ला हाच बरा होता, किंवा साधं ‘रोझ स्लाइटली’. त्यावर ‘क्लाइंब’, म्हणजे पायरी-पायरीने, टिकून चढत राहणं. ‘सर्ज’ म्हणजे लाट उसळावी तशी अचानक आणि जोराची वाढ. ‘सोअर’ हा मुळात घार पंख पसरून उंच जाते त्यासाठीचा शब्द. आकडा खूप वर गेला तरच तो वापरावा. आणि ‘स्कायरॉकेट’ म्हणजे दिवाळीतला बाण. आपण ‘भाव गगनाला भिडले’ म्हणतो, तसलाच प्रकार. तीन तक्रारी काही गगनाला भिडत नाहीत.

इथेच एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. किती वाढलं ते सांगायला ‘बाय’, आणि कुठे पोहोचलं ते सांगायला ‘टू’. मराठीत आपण हेच ‘तीनने वाढल्या’ आणि ‘५१ वर गेल्या’ असं म्हणतो. ‘रोझ बाय ५१’ लिहिलं असतं तर एकूण ९९ तक्रारी झाल्या असत्या, आणि साहेबांनी मलाच केबिनमध्ये घेतलं असतं.

तिसरा प्रश्न: आपोआप वर गेलं, की कुणी नेलं?

‘राइझ’ म्हणजे वाढणं आणि ‘रेझ’ म्हणजे वाढवणं. चढणं-चढवणं, उठणं-उठवणं अशा आपल्या जोड्या असतात, तशीच ही जोडी. रूपंही वेगळी: राइझ, रोझ, रिझन, पण रेझ, रेझ्ड, रेझ्ड. ‘राइझ्ड’ असं रूप नाहीच.

हा मुद्दा फक्त व्याकरणाचा नाही बरं का. ‘भाडं वाढलं’ आणि ‘मालकाने भाडं वाढवलं’ यात फरक आहे ना? पहिल्या वाक्यात भाडं जणू पावसासारखं आपलं आपणच वाढलं. दुसऱ्यात माणूस दिसतो. फी, तिकीट, रिचार्जचे दर वाढल्याची इंग्रजी बातमी वाचताना बघा, ‘रोझ’ लिहिलंय की ‘रेझ्ड’. वाढवणारा कोण, हे लपवायला ‘रोझ’ फार सोयीचा पडतो.

आपल्यातले बरेच जण आयईएलटीएसची तयारी करतायत, त्यांच्यासाठी एक सूचना. अकॅडमिक परीक्षेच्या पहिल्या लेखनप्रश्नात आलेख किंवा तक्ता किमान १५० शब्दांत मांडायला सांगू शकतात. गुण चार निकषांवर मिळतात आणि शब्दसंपदा त्यातला एक, म्हणून मुलं याद्या पाठ करतात. पण २ टक्क्यांच्या वाढीला ‘सोअर्ड’ लिहिलं, तर शब्दही चुकतो आणि आलेखाचं वाचनही. त्यापेक्षा ‘राइझ’ दोनदा आला तरी बिघडत नाही. सोबत ‘स्टेडिली’, ‘शार्पली’, ‘स्लाइटली’ यातलं योग्य ते जोडा, काम होतं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. आज फोनवर वाढीची एखादी इंग्रजी बातमी उघडा, मथळ्यातलं क्रियापद बघा आणि मग खालचा आकडा. दोन्ही जुळतात का, ते तपासा. जुळले नाहीत, तर विश्वास आकड्यावर ठेवा.

चला, भेटूया पुढच्या भागात!