शेवटचे कडवे ऐकणारा माणूस

भुसावळचे आमचे दादा गेले. रेल्वेतून निवृत्त झालेला साधा कामगार, चळवळीच्या कोणत्याही व्यासपीठावर खुर्ची न मागणारा माणूस. त्यामुळे बातमी कुठे छापून आली नाही. त्यांच्याच नंबरवरून मुलीने आमच्या व्हॉट्सअॅप गटावर एक ओळ लिहिली : पप्पा पहाटे गेले, जयभीम.

हा गट म्हणजे भीमगीतांच्या जुन्या कॅसेट जमवून एकमेकांना ऐकवणाऱ्या चाळीस-पन्नास वेड्यांचा. कुणी नांदेडचा, कुणी उल्हासनगरचा, एक जण आखातात नोकरीला. बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नाहीत. दादांची आणि माझी दोस्ती आठ वर्षांची, पण भेट एकच. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या गर्दीत त्यांनी मला आवाजावरून ओळखले आणि चहाचेही न विचारता थेट एका कॅसेटवाल्याच्या ढिगाऱ्यापाशी नेले.

दादा गाणे शेवटाकडून ऐकत. कारण विचारले तर म्हणत, "वकीलसाहेब, सही तिथे असते." आपल्या शाहिरीची ही जुनी रीत. कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. वामनदादा २००४ साली गेले, त्यांचे नाव घरोघर राहिले. पण गावोगावच्या त्या कवींचे काय, ज्यांनी बिगारी करता करता गाणी रचली आणि गायक पार्टीच्या हवाली केली? कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव ठळक, कवीचा पत्ता नाही. त्यात कॅसेटची बाजू संपत आली म्हणून शेवटचे कडवे गाळले की माणूसच गाळला गेला!

बुरशी धरलेली कॅसेट दादा स्क्रू काढून उघडत, फीत पुसून दुसऱ्या डबीत बसवत, पेन्सिलीने गुंडाळत. मग ऐकून वहीत लिहीत : गाणे, गायक, कवी. कवीचे नाव नसेल तिथे जागा कोरी. त्या कोऱ्या जागांसाठी त्यांनी किती जणांना फोन केले असतील!

याच कोऱ्या जागांवरून त्यांनी मला कायदा विचारला होता. कवीने गाणे पाचशे रुपयांत विकले असले तरी नाव लावून घेण्याचा हक्क विकला जातो काय? नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम सांगते की हक्क हस्तांतरित केले तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. कवीच्या मृत्यूनंतर मात्र वारसांना हा दावा करता येत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने ती अट निघाली. म्हणजे आज वारस कंपनीला नोटीस देऊ शकतो, आमच्या बापाचे नाव छापा म्हणून. दादा म्हणाले, हे सोप्या मराठीत एका पानावर लिहून द्या, मी घरोघर पोहोचवतो. मी हो म्हणालो. तारखा, अशिलांची गर्दी, निवडणुका. दोन वर्षे गेली. ते पान मी लिहिले नाही. दादांनी एकदाही आठवण करून दिली नाही, हे जास्त लागते.

जलदान विधीला भुसावळला गेलो. मांडवात एका वृद्ध नातलगाने विचारले, तुम्ही त्यांचे कोण? ना भावकी, ना गाववाला, ना ऑफिसातला. गाण्यांमुळे ओळख, एवढेच सांगितले. त्यांनी सरकून शेजारी जागा दिली. विधी झाल्यावर मुलीने आतल्या खोलीत नेले. पत्र्याच्या दोन पेट्या कॅसेट आणि लाल पुठ्ठ्याच्या तीन वह्या. आई विचारते, याचे करायचे काय, असे ती म्हणाली. वह्यांच्या पानांचे फोटो काढून गटावर टाकायला आम्ही त्याच दुपारी सुरुवात केली. कायद्याचे पान परतीच्या गाडीत लिहिले, तेही टाकले.

जाण्याच्या आठ दिवस आधी दादांनी मला एक गाणे पाठवले होते, कवी ओळखा म्हणून. मी तेव्हा उघडलेही नव्हते. आता रोज ऐकतो. बाईचा आवाज, साथीला ढोलकी, आणि शेवटच्या कडव्यात नाव येते तिथेच फीत खरखरते. लातूरच्या एका सभासदाची आजी हे गाणे म्हणायची म्हणतात. तो रविवारी तिला विचारणार आहे.