दोन राजधान्यांमधील हमरस्ता

नागपूरहून उत्तरेस निघालेला रस्ता सावनेरास पोहोचला म्हणजे त्याचे दोन फाटे होतात. एक फाटा पांढुर्णा व मुलताई या गावांवरून बैतूलकडे जातो; दुसरा सौंसरवरून पुढे सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्यास पोहोचतो. आपल्या दोन्ही तालुक्यांतील संत्र्यांच्या गाड्या, कापसाची वाहतूक, मोठ्या दवाखान्याकडे निघालेला रुग्ण आणि कॉलेजात नाव घालावयास निघालेला विद्यार्थी या साऱ्यांची वाट हीच. रोज दिसणाऱ्या वस्तूविषयी माणसाला सहसा प्रश्न पडत नाहीत. परंतु हा रस्ता कोणी ठरविला? तो येथूनच का गेला? तो बांधतात कसा, त्याचा खर्च कोण सोसतो, आणि त्याकरिता ज्यांची जमीन जाते त्यांना बोलण्याची संधी केव्हा मिळते? या प्रश्नांची उत्तरे या लेखात देण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

पहिल्या महायुद्धानंतर आपल्या देशात मोटारी वाढू लागल्या. बैलगाडीकरिता केलेले खडीचे रस्ते त्यांच्या वेगाने उखडू लागले, आणि प्रांतिक सरकारांपाशी तर दुरुस्तीलाही पुरेसा पैसा नव्हता. तेव्हा १९२७ साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते ही केवळ प्रांतांची बाब नसून साऱ्या राष्ट्राची आहे, असे या समितीने १९२८ मध्ये सांगितले. तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला व त्यातून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व आपल्याकडे असे रुजले.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल तर आपल्या शेजारीच पडले. १९४३ च्या डिसेंबरात साऱ्या प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेबांधणीची योजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात रस्त्यांचे वर्ग पाडण्यात आले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्राम रस्ते. शेतीने समृद्ध अशा भागातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. झाडाला खोड, फांद्या व डहाळ्या असतात, त्याप्रमाणे देशाच्या रस्त्यांची रचना असावी, हा विचार त्यामागे होता. राष्ट्रीय महामार्गांच्या खर्चाची जबाबदारी १ एप्रिल १९४७ पासून भारत सरकारने स्वतःकडे घेतली.

आता हा रस्ता आपल्याच गावांवरून का जातो ते पाहू. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हापासून नागपूर ही त्याची राजधानी होती. सातपुड्याच्या पठारावरील छिंदवाडा, बैतूल इत्यादी जिल्ह्यांचा कारभार नागपुराहून चाले. त्यामुळे राजधानीकडून उत्तरेस जाणाऱ्या वाटांवर पांढुर्णा व सौंसर सहजच आली. पुढे १९५६ साल उगवले आणि त्या एकाच वर्षी देशाच्या नकाशावर दोन प्रकारच्या रेषांना कायद्याचे बळ मिळाले. ११ सप्टेंबर रोजी राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहीत तोच, १ नोव्हेंबर रोजी, राज्यांची पुनर्रचना अंमलात आली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि राजधानी नागपूर सोडून भोपाळला गेली. मराठी बोलणारी पांढुर्णा-सौंसरची माणसे व त्यांचे नागपूरकडील सोयरे यांच्या मधून राज्याची सीमा गेली.

सीमा आली, पण रस्ता तुटला नाही. उलट त्याचे महत्त्व वाढले. पूर्वी तो राजधानीकडून जिल्ह्याकडे जाणारा रस्ता होता. आता तो जुन्या राजधानीस नव्या राजधानीशी जोडणारा, सुमारे ३५० किलोमीटरचा मार्ग झाला. लेक सासरी जावी, पिकाला बाजार मिळावा, सणाला पाहुणे यावेत, हे व्यवहार सीमेने थांबविले नाहीत, याचे पुष्कळसे श्रेय या हमरस्त्याला द्यावे लागेल. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून छिंदवाड्यापासून वेगळा असा पांढुर्णा जिल्हा झाला. नागपुरास जोडणारे दोन्ही फाटे आता या एका जिल्ह्यातून जातात.

या मार्गांच्या क्रमांकांतही एक पद्धत आहे. ती समजली म्हणजे नकाशा वाचण्यास गंमत येते. बैतूलचा मार्ग पूर्वी क्रमांक ६९ म्हणून ओळखला जाई. २०१० साली देशातील सर्व महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. उत्तर-दक्षिण मार्गांना सम अंक देण्यात आले व ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम अंक मिळाले व ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. म्हणून श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा मार्ग ४४ वा, आणि आमच्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने जाणारा, पार पश्चिमेकडील मार्ग ६६ वा. पांढुर्ण्याचा मार्ग ४७ वा. तो गुजरातेतून इंदूर व बैतूलवरून नागपुरास येतो. तीन आकडी क्रमांक फाट्याचा असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक मूळ मार्ग सांगतात. सौंसरच्या रस्त्याचा क्रमांक ५४७ आहे. तो ४७ ची शाखा आहे, हे आता कोणी न सांगताही तुम्हांस कळेल.

बांधणीकडे वळू. आम्ही लहानपणी पाहिले ते रस्ते जांभ्या मातीचे. तेथे पाऊस कितीही कोसळला तरी पाणी पटकन निचरून जाते. येथे आल्यावर प्रथमच आम्हांस काळ्या मातीचा स्वभाव कळला. कापसाला अमृत असलेली ही माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट रस्ता केला तर जमिनीबरोबर रस्ताही दरवर्षी उचलला जातो व खचतो. म्हणून ती माती काही खोलीपर्यंत काढून तेथे मुरूम भरतात, किंवा तिच्यात चुना मिसळून तिचे फुगणे कमी करतात. त्यावर मुरूम व खडीचा निचरा होणारा थर, त्यावर लहानमोठी खडी पाण्यासह मिसळून दाबलेला थर, आणि शेवटी डांबरमिश्रित खडीचे थर येतात. प्रत्येक थरावर रूळ फिरवून तो घट्ट करतात. पाणी साचू नये म्हणून पृष्ठभागास मध्यापासून कडेकडे किंचित उतार देतात. खडी एकमेकींत घट्ट बसवून व रस्ता कोरडा ठेवून तो मजबूत करण्याची ही युक्ती स्कॉटलंडच्या मॅक्अॅडम या गृहस्थांनी दोनशे वर्षांपूर्वी रूढ केली. रस्त्याचा खरा शत्रू वाहन नव्हे, साचलेले पाणी होय, हे तत्त्व आजही तेच आहे.

खर्चाचा प्रश्न मोठा बिकट. एका वेळी दोन गाड्या जातील असा रस्ता सात मीटर रुंद असतो. चौपदरी करावयाचा म्हणजे असे दोन रस्ते, मध्ये दुभाजक व दोन्ही बाजूंस मोकळी जागा लागते. नागपूर-बैतूल हा सुमारे १७६ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचा करार २०१० साली झाला. तेथे ‘वार्षिकी’ची पद्धत वापरली गेली. म्हणजे बांधणाऱ्याने आधी स्वतः भांडवल घालावयाचे व रस्ता बांधून तो नीट राखावयाचा. सरकार त्यास ठरलेले हप्ते अनेक वर्षे देत राहते. आज आपण ज्यावरून धावतो त्याचे मोल पुढेही फेडावयाचे असते, हे विसरता कामा नये.

परंतु एक मोल असे आहे की ते हप्त्यांनी फिटत नाही. महामार्गाच्या पट्ट्याला साधारणतः ४५ ते ६० मीटर रुंदीची जमीन लागते. ही रेषा कोणाच्या तरी शेतातून जाते. विहीर एका बाजूला व बाग दुसऱ्या बाजूला, अशीही वाटणी होते. संत्र्याच्या कलमाला फळ धरावयास चार-पाच वर्षे लागतात. ते तोडावयास एक सकाळ पुरते. रस्ता हवा हे शेतकऱ्यालाही मान्य असते, कारण त्याचा माल त्यावरूनच जावयाचा असतो. त्याचे म्हणणे वेळेवर ऐकले जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

यासाठी कायद्यात १९९७ साली तरतूद झाली, ती प्रत्येक घरास ठाऊक असावी. जमीन घेण्याचा इरादा सरकार राजपत्रात जाहीर करते व त्याचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत देते; त्यांतील एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून २१ दिवसांच्या आत जमिनीशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीस लेखी हरकत घेता येते, व अधिकाऱ्याने तिचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे असते. पुढची घोषणा झाली म्हणजे जमीन केंद्र सरकारची होते. मग वाद उरतो तो मुख्यतः मोबदल्याचा. १ जानेवारी २०१५ पासून हा मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नियमांनी ठरतो, आणि तो मान्य नसल्यास लवादाकडे जाता येते.

विद्यार्थिमित्रहो, ते २१ दिवस फार थोडे असतात. आपल्या राज्यात अशी सूचना सहसा हिंदीतून येते, आणि तीही गट क्रमांकांच्या लांबलचक यादीच्या रूपात, बारीक टाइपात. तुमच्या घरातील आजोबांना शेताचा बांध न् बांध पाठ असेल, पण ती सरकारी भाषा त्यांस उमगेलच असे नाही. तुम्हांस मात्र दोन्ही भाषा वाचता येतात. तेव्हा वर्तमानपत्राचे ते रुक्ष पान उलटून टाकू नका. आपल्या गावाचे नाव त्यात दिसले तर यादी मोठ्याने वाचा, आपला गट क्रमांक शोधा, आणि शेजाऱ्यालाही सांगा. रस्ता जमिनीवर दिसू लागण्यापूर्वी तो कागदावर तयार होत असतो. हरकत घ्यावयाची असेल तर ती तेव्हाच घ्यावी लागते, आणि त्यासाठी तो कागद वाचणारे कोणीतरी प्रत्येक घरात असले पाहिजे.