दोघांनी एकच ओळ बदलली तर?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामासाठी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये 'गिट' हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन लिहिलं. त्यात प्रोग्रामर वेगवेगळ्या शाखांत काम करतात आणि नंतर त्या शाखा जोडतात. जोडताना गिट तीन प्रती पाहतं: दोन्ही शाखांच्या ताज्या प्रती आणि त्यांची शेवटची सामाईक आवृत्ती. बदल एकाच बाजूने झाला असेल, तर तो आपोआप स्वीकारला जातो. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली, की गिट थांबतं. हाच मर्ज कॉन्फ्लिक्ट.

मग फाइलमध्ये खुणा उमटतात. वर आपला मजकूर, मध्ये सात बरोबर-चिन्हांची रेघ, खाली समोरच्याचा. 'डिफ३' हा पर्याय निवडला, तर मूळ ओळही दिसते आणि कोणी काय बदललं ते लगेच उमगतं. कधी एक बाजू ठेवायची, कधी दोन्हींचा मेळ घालून नवी ओळ लिहायची. मग खुणा काढून 'ॲड' आणि 'कमिट' या आज्ञांनी बदल नोंदवायचा. फारच गुंता झाला, तर 'अबॉर्ट' देऊन पूर्वस्थितीला येता येतं.

मात्र कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. एकाने फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये जुन्याच नावाने ते वापरलं, तर गिट काहीच बोलणार नाही, प्रोग्राम मात्र मोडेल. म्हणून जोडणीनंतर चाचण्या चालवाच.