थंडीच्या तोंडावर कातडी का फुटते?



गव्हाणीत मोळी पडते त्याच सुमाराला थंडीही येते. कारखान्याचा हंगाम सुरू होतो आणि घरोघरी दुसरा एक हंगाम सुरू होतो : ओठ उलतात, नडग्यांवर पांढरी रेघ उमटते, टाचांना भेगा पडतात, रात्री अंथरुणात पाठ खाजू लागते. 'थंडी आहे, चालायचेच' म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो. पण भेग खोल गेली, तीत चिखल-शेण गेले, पाय सुजला, की ऐन तोडीच्या दिवसांत माणूस आठ दिवस घरी बसतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

कातडीचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पेशींच्या मधल्या फटी शरीर स्वतःच्याच चरबीने लिंपून घेते आणि आतले पाणी राखते. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा काही जाणवत नाही. ऑक्टोबरात मोसमी वारे माघारी फिरले की कोरडी हवा सुरू होते आणि ती कातडीतले पाणी ओढू लागते. वरचा थर आकसतो, कडक होतो, तडकतो. वाफसा गेलेल्या काळ्या रानाला भेगा पडतात, तसलाच प्रकार. तळहात आणि तळपायाला तर तेलग्रंथीच नसतात. त्यात टाचेवर सगळ्या अंगाचा भार. जाड कातडी वाळून ताठ झालेली असताना चालताना टाच बाजूला दबते आणि कडेला चिरते.

या कोरडेपणाला हातभार मात्र आपणच लावतो. बंबातले कढत पाणी अंगावर घेताना बरे वाटते, पण ते लिंपण धुऊन नेते. वर साबण दोनदा चोळला की उरलेसुरलेही जाते. धुण्याचा सोडा, भांड्याची पावडर यांत रोज हात असणाऱ्या आमच्या भगिनींचे हात थंडीत खरखरीत होतात ते यामुळेच. उसाच्या फडात पात्याची करवती धार आणि कूस आहेच; कोरड्या कातडीवर तिचे ओरखडे अधिक झोंबतात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे यांना इलाज नाही.

आता उपाय. खोडव्यात आपण पाचट पसरतो ते कशासाठी? ओल उडू नये म्हणून. पण वाळून खडखडीत झालेल्या रानावर नुसते पाचट टाकून ओल कोठून येणार? आधी पाणी, मग आच्छादन. कातडीचे गणित हेच आहे. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, साबण काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता लावावा. पंचाने अंग रगडू नये, टिपावे, आणि अंग दमट आहे तोवरच, दोन-चार मिनिटांत, खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. महागड्या बाटलीची गरज नाही. दिवाळीत आपण तेल आंघोळीआधी लावतो आणि उटण्याने काढून टाकतो. तो सण झाला, त्याची मजा घ्यावी. रोजच्या कोरड्या कातडीला तेल आंघोळीनंतरच हवे.

टाचांसाठी रात्री पाय थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून वज्री हलक्या हाताने फिरवावी, जेली किंवा कोकमतेल जाडसर लावून सुती मोजे घालून झोपावे. कोकणातले लोक भेगांना कोकमतेल लावत आले आहेत, ते उगीच नव्हे. पण ब्लेडने कातडी सोलणे किंवा भेगेत तापते मेण ओतणे हे उद्योग कृपा करून बंद करावेत. जेली लागलेले कपडे, फडकी लवकर पेट घेतात, ती चुलीपासून दूर ठेवावीत.

मधुमेह असलेल्या सभासदांना वेगळे सांगणे आहे. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. भेग चिघळली तरी कळत नाही आणि गोष्ट बोट किंवा पाय काढण्यापर्यंत जाते. रोज रात्री उजेडात तळपाय बघावा, स्वतःला दिसत नसेल तर पोराबाळांकडून बघून घ्यावा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याला हात घालून बघायला सांगावे. पाय पाण्यात भिजवत बसू नये आणि वज्रीही डॉक्टरला विचारल्याशिवाय फिरवू नये.

सगळीच खाज थंडीची नसते. पापण्या, मान, कोपराची लवण येथे कातडी जाड, काळी, खाजरी झाली असेल तर गाजर गवताचा संशय घ्यावा. 1950 च्या दशकात पुण्याकडे ध्यानात आलेले हे गवत आज कोणत्या बांधावर नाही? वर्षानुवर्षे काही न होता एकाएकी ते बाधू लागते आणि वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यानेही लागते. ते फुलण्याआधी उपटावे, उघड्या हाताने नव्हे. ज्याला बाधते त्याने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. घरात दोघा-तिघांना रात्री बोटांच्या बेचक्यात खाज सुटत असेल तर ती खरूज समजावी. त्यावर तेल चोळून भागत नाही, सगळ्या घराने एकदम औषध घ्यावे लागते.

दुकानातून 'खाजेची ट्यूब द्या' म्हणून मलम आणणे हा तर आता रोगच झाला आहे. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस आराम पडतो, मग गजकर्ण दुप्पट पसरते, कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. चिठ्ठी न मागता कोणी देऊ लागला तरी आपण घेऊ नये.

आणि एखादा फिकट किंवा लालसर कोरडा चट्टा असेल, त्यावर घाम येत नसेल, टोचलेले कळत नसेल, तर लाज न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. कुष्ठरोग निघालाच तरी औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते आणि रोग पूर्ण बरा होतो. तोडणीसाठी आलेल्या टोळीतल्या कुणाच्या अंगावर असा चट्टा दिसला तर त्यालाही सोबत घेऊन जावे. परक्या गावात दवाखाना कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते.